दोन पोत्यांची बचत

५ जानेवारी

तुझं पत्र नॉटपेड आलं. पाकिटात चार कागद कोंबलेस आणि वर तिकीट लावलंस एका कागदाचं. पोस्टमन दारात हात पुढे करून उभा राहिला आणि कमी पडलेल्याचे दुप्पट घेऊन गेला. म्हणजे माझी दोन पोती गेली. एका फाटक्या पोत्याला ठिगळ लावायला मला पाव तास लागतो, हे तुला सांगायला नको, गोदामात माझ्या शेजारी बसून सुतळी ओवून देतच तू मोठी झालीस. तू एक पोतं वाचवलंस आणि माझी दोन घालवलीस. याला काटकसर म्हणत नाहीत, दुसऱ्याच्या कनवटीला हात घालणं म्हणतात. पुन्हा नॉटपेड आलं तर घेणार नाही. आल्या पावली परत पाठवीन, मग आत सोन्याची वीट का असेना.

सुतळे, आशीर्वाद. आता कामाचं.

चार पानांपैकी साडेतीन पानं तू रडली आहेस. चौथ्या मजल्यावरची अर्धी खोली, मधे पडदा, पडद्यापलीकडे दुसरं बिऱ्हाड, ते खोकले तरी तुमची झोप मोडते. समजलं. तळमजल्यावरची खोली रिकामी होतेय, मालक एकतीस मार्चपर्यंत थांबायला तयार आहे, तोवर अनामत भरली तर खोली तुमची. हेही समजलं. तू कारखान्यात शर्टांची काजं करतेस, नवरा इमारतींना रंग देतो, दोघं कमावता आणि तरी आठवड्याच्या शेवटी हात रिकामे. असणारच. जे उरेल ते बाजूला टाकू म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही. आधी बाजूला टाकायचं, मग उरलेल्यात जगायचं.

माझे पाच डबे तू पाहिलेस. भाडं, धान्य, जळण, दुखणं आणि पाचवा. पगार घेऊन घरी आलं की आधी डबे भरायचे, मग पाणी प्यायचं. एका डब्यातलं दुसऱ्यात जात नाही. धान्याचा संपला तर त्या आठवड्यात कमी खायचं, भाड्याच्या डब्याकडे बघायचंसुद्धा नाही. माझ्या पाचव्या डब्यात मला नेण्याचा खर्च आहे. सात वर्षं भरतेय, आता काठाला आला. मी गेल्यावर कोणी कोणापुढे तोंड वेंगाडायला नको. मी जिवंत असेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, मीसुद्धा. तू तुझ्या पाचव्यात अनामत टाक.

पगाराच्या दिवशी बाजारात जायचं नाही. दुसऱ्या दिवशी जायचं, तेही भरल्या पोटी. उपाशी माणूस दुप्पट घेतो. साबणाची वडी आणली की दोऱ्याने तीन तुकडे करून महिनाभर वाळवायची, ओला साबण वापरणं म्हणजे पैसे मोरीत सोडणं. चादर मधे विरली की मधोमध फाडायची आणि धडक्या कडा मधे आणून शिवायच्या. आणखी दोन वर्षं निघतात. भांड्यावर झाकण ठेवून शिजवायचं. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, आणि तुमचं अंथरूण तर अर्ध्याच खोलीत आहे.

खर्चाची यादी करून पाठव. सगळं लिही, त्याच्या सिगारेटसुद्धा. तो ओढतो हे मला त्याच्या ओठांवरून पहिल्या दिवशीच कळलं होतं.

तुझी आजी


१४ जानेवारी

आजी, नमस्कार.

पोस्टातल्या बाईंकडून पाकिटाचं वजन करून घेतलं. त्या म्हणाल्या, "एवढं जपून कोणाला पाठवताय?" म्हटलं, आजीला. म्हणाल्या, "घाबरता वाटतं." म्हटलं, तुम्हीही घाबरला असता.

यादी सोबत आहे. हिशेब तुझ्याच मापात केलाय, माझी दहा काजं म्हणजे तुझं एक पोतं. आठवड्याला भाड्याची नव्वद पोती, धान्य-तेल-मीठ एकशे वीस, जळण तीस. दोघांच्या बसची छत्तीस. त्याच्या आईच्या औषधाला तीस, ते दर आठवड्याला पाठवावेच लागतात. सिगारेट बारा. कामावरचा चहा बारा. सुट्टीच्या दिवशी बाहेर खातो त्याची पंधरा, कारण त्या दिवशी पडद्यापलीकडे पाहुणे असतात आणि बसायला जागा नसते. आणि पट्ट्याच्या भाड्याची बारा.

पट्टा म्हणजे, उंच इमारतीवर परांचीवर उभं राहून रंग देताना कमरेला बांधतात तो. त्याला दोर असतो आणि दोर वर अडकवलेला असतो. पट्टे मुकादमाचे आहेत. सकाळी फाटकापाशी दोन पोती द्यायची आणि पट्टा घ्यायचा, संध्याकाळी परत करायचा.

रेघा तूच मार. आम्ही दोघं यादी घेऊन बसलो की तिसऱ्या ओळीला भांडण होतं. हा म्हणतो, "आजींकडे पाठव. त्या दोघांनाही सारख्याच शिव्या देतात, म्हणजे न्याय होईल."

तुझी सुतळी


२१ जानेवारी

यादी परत घे. लाल पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत. पेन्सिल गोदामातल्या कारकुनाची. तो म्हणाला, काय आजी, पेपर तपासताय का. म्हटलं, हो, आणि पोरगी नापास आहे.

बस अर्धी केली. जाताना बस, येताना चालत. सकाळी उशीर झाला तर पगार कापतात, संध्याकाळी उशीर झाला तर कोण कापतंय? बाहेरचं खाणं पूर्ण बंद. बसायला जागा नाही म्हणून पंधरा पोती मोजायची तर बागेतल्या बाकावर बसा, घरून डबा नेऊन. सिगारेट अर्ध्या ठेवल्या. सगळ्या बंद केल्या तर तो चिडचिड करेल, आणि नवऱ्याची चिडचिड सिगारेटपेक्षा महाग पडते. मी भोगलंय. सासूच्या औषधाला हात लावलेला नाही. दुखण्याच्या डब्यात काटकसर करायची नसते.

पट्ट्याचं वाचून मात्र मी एकटीच मोठ्याने हसले. इमारत मालकाची, काम मुकादमाचं, जीव आपला, आणि वर भाडंही आपणच द्यायचं? उद्या शिडी चढायचं तिकीट काढा म्हणेल. इथे गोदामवाल्याने माझ्याकडे दाभणाचं भाडं मागून बघावं, तेच दाभण त्याच्या गादीत उभं करून ठेवीन. पट्टा त्याने फुकट द्यायला पाहिजे. तुझ्या रंगाऱ्याला म्हणावं, भाडं देणार नाही असं तोंडावर सांग. चार जणांनी नाही म्हटलं की मुकादम मुकाट्याने फुकट वाटेल. अशी माणसं नाही ऐकेपर्यंतच शेर असतात. आणि दहा वर्षं रंग देतोय, एकदा तरी पडला का? आठवड्याची बारा पोती नुसती हवेत चालली आहेत. सगळ्या यादीत जाड रेघ याच ओळीवर मारली आहे, बघ, कागद फाटलाय.

एवढं केलंत तर आठवड्याला एक्कावन्न पोती वाचतात. बेरीज मी दोनदा केली. दुसरीपर्यंतच शिकले, पण तेवढीच बेरीज पक्की आहे.

आजी


९ फेब्रुवारी

आजी, नमस्कार.

डबे घेतले. कारखान्याच्या मागे रंगीत धाग्यांचे रिकामे डबे फेकून देतात, त्यातले पाच धुऊन आणले. पाचवा पलंगाखाली, विटेच्या मागे. दोन आठवड्यांत त्यात शंभर पोती जमली. मी पहिल्यांदाच पैसे बघून हसले. हा म्हणाला, "हसू नकोस, पडद्यापलीकडे ऐकू जाईल."

आम्ही चालत येतो. तो मला कारखान्याच्या फाटकाशी घ्यायला येतो आणि वाटेत तळमजल्यावरच्या खोलीच्या खिडकीतून आत डोकावतो. आत एक मोडकी खुर्ची आणि भिंतीला हिरवा ओला डाग आहे. तो म्हणतो, "हा डाग मी एका सुट्टीत घालवीन." त्याने रंगसुद्धा ठरवलाय, कामावरच्या डब्यांच्या तळाशी उरतो तो.

पट्ट्याचं तू सांगितलंस तसं केलं. सत्तावीस जानेवारीला त्याने नाही म्हटलं. बाकी कोणी म्हटलं नाही, त्यांनी मुकाट्याने पैसे दिले. मुकादम म्हणाला, "ज्याला नको त्याला नको, पट्टा कमी झिजेल." म्हणून हा आता पट्ट्याशिवायच चढतो. पहिले दोन दिवस माझी काजं चुकत होती, देखरेखीच्या बाई ओरडल्या. आता सवय झाली. तो म्हणतो, पट्टा नसला की हात उलट मोकळा चालतो.

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे?

सुतळी


१७ फेब्रुवारी

पत्राला तिकीट जास्त लावलंस. कमीही नको आणि जास्तही नको, किती वेळा सांगायचं.

शंभर पोती बरी आहेत. फार नाहीत. हसू नकोस, पैशाला आपण हसलेलं आवडत नाही. मार्चअखेरीला किती होतील त्याची बेरीज कर आणि दाराच्या मागे खडूने लिही, जाता-येता दिसलं पाहिजे. तरी कमी पडतील असं मला दिसतंय. चहासुद्धा घरून न्या.

गुडघ्याचं विचारू नकोस. गुडघा आहे तिथेच आहे.

एक सांगायचं राहिलं. परवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितलं की तुझा फोन आला होता, "सगळं ठीक आहे" असा निरोप आहे, आणि निरोपाचं एक पोतं द्या. सगळं ठीक आहे हे ऐकायला मी पोतं मोजू? ठीक असलं तर गप्प बसावं. मी त्याला सांगून टाकलंय, यापुढे माझ्या नावाचा फोन आला तर घ्यायचा नाही आणि घेतलास तर पैसे मिळणार नाहीत. तो नाराज झाला. होऊ दे.

बाकी ठीक चाललंय तुमचं. असंच चालू ठेवा.

आजी


३ मार्च

(पाकिटावर शिक्का: नॉटपेड. त्याखाली पोस्टमनच्या हाताने: घेण्यास नकार. पाठवणाऱ्यास परत.)

आजी,

हा पडला. शुक्रवारी, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, खाली विटांच्या ढिगावर. जिवंत आहे. उजव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडून बाहेर आलंय. मोठ्या दवाखान्यात आहे, खाटेचे पैसे लागत नाहीत, पण हाडात घालायची पट्टी आणि खिळे बाहेरून विकत आणून द्यावे लागतात. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत पट्टी बसली तर पाय राहील. जखम चिघळली की मग त्यांच्याही हातात नाही.

पाचवा डबा संपला. दुखण्याचा पहिल्याच दिवशी संपला. मग तू नको म्हणालीस तेच केलं, भाड्याचा उघडला, धान्याचा उघडला. कानातले विकले. मुकादम एकदा येऊन गेला, म्हणाला, "मी सांगितलं होतं पट्टा घे." कारखान्यातून उचल मागितली, त्यांनी महिनाअखेरीचं सांगितलं. पडद्यापलीकडच्या वहिनींनी त्यांच्याकडे होतं ते दिलं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "म्हातारीने सांगितलंय, तिच्या नावाचा फोन घ्यायचा नाही," आणि ठेवला. पुन्हा केला तर उचललाच नाही. मला याला एकटं सोडून यायचं तर जाऊन-येऊन तीन दिवस जातात, आणि इथे दर तासाला कोणीतरी काहीतरी आणायला सांगतं.

आजी, तुझा पाचवा डबा दे. तेवढ्यात पट्टी येते, मी दुकानात विचारून आले. आपण तो परत भरू, मी आयुष्यभर भरीन. तू एवढ्यात जाणार नाहीस, मला माहीत आहे.

तिकिटाच्या पैशांत त्याचं एक वेळचं दूध येतं, म्हणून तिकीट न लावताच टाकतेय. तू शिव्या देशील. दे. पण माझं अक्षर बघून घेशील.

सुतळी


९ मार्च

तुला वाटलं मी नुसती बोलते. परवा तुझं पत्र आलं, आणि या वेळी तिकीट कमी नव्हतं, मुळातच नव्हतं. मी हात मागे घेतला.

पोस्टमन म्हणाला, "आजी, नातीचं अक्षर आहे. घ्या. नाहीतर राहू दे, दोन पोती मी भरतो." त्यालाही माझा हिशेब पाठ झालाय. मी म्हटलं, तू भरून तिला बिघडवू नकोस. एकदा सोडलं की दुसऱ्यांदा हक्क होतो. लिही, घेण्यास नकार. त्याने माझ्याकडे बघत बघत लिहिलं.

राग येऊ दे. मला माझ्या आजीचा यायचा. पण आज माझे पाच डबे भरलेले आहेत ते त्या रागामुळे. तुझी आईसुद्धा अशीच ढिली होती, आज एक पोतं, उद्या दोन, आणि गेली तेव्हा तिच्या डब्यात झुरळ निघालं. तुझं तसं व्हायला नको म्हणून हे.

आता नीट तिकीट लाव आणि तेच पत्र परत पाठव. दाराच्या मागचा आकडा किती झाला तेही लिही. एकतीस तारीख काही लांब नाही.

आजी


२० मार्च

आजी, नमस्कार.

तुझं नऊ तारखेचं पत्र आणि माझं परत आलेलं पत्र एकाच दिवशी मिळालं. परत आलेलं न उघडता सोबत ठेवलं आहे. तिकीट दोन्हींच्या वजनाचं लावलंय.

बारा तारखेला त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. हा सत्तावीस फेब्रुवारीला कामावर पडला होता. पट्टी वेळेवर आणता आली नाही, जखम चिघळली. आता ताप उतरलाय. परवा घरी आणलं. चौथ्या मजल्यावर चढवायला कारखान्यातले दोघं आले होते, एकाने खांद्याखाली धरलं, एकाने कमरेला. तो आता भिंतीकडे तोंड करून पडून असतो. सिगारेट मागत नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. त्या दिवशी पट्टा होता, दोरच तुटला. जुना होता. त्यात कोणाची चूक नाही. पत्र तू घेतलं असतंस तरी उशीर झालाच असता, डॉक्टरही तसंच म्हणाले.

दाराच्या मागचा आकडा पुसला.

सुतळी


२५ मार्च

मनीऑर्डर पोचवायला चार दिवस लावतो तो पोस्टातला आळशी. काल सकाळीच केली आहे, अठ्ठावीसला पोचली नाही तर त्याच्या खिडकीवर जाऊन बसते असं सांगून आले आहे. पाचवा डबा पूर्ण आहे. उलटा करून हलवला.

त्या पैशांचं काय करायचं ते नीट वाच. पाय गेला, त्याला ते आता लागत नाहीत. ते एकतीसच्या आधी मालकाच्या हातात दे आणि तळमजल्यावरची खोली घे. पावती घे. चार मजले माणसाला उचलून आणायचे तर दर वेळी दोन माणसं लागतात, आणि उचलणारी माणसं पहिला महिनाच येतात. दवाखान्यात जायचं म्हटलं की तू दुसऱ्यांच्या दाराशी उभी राहशील. ते नको. भिंतीवरचा हिरवा डाग त्यालाच घालवू दे, खुर्चीवर बसून हात पोचतो तेवढा. वरचा राहिला तर राहू दे. रंगाऱ्याचे हात शाबूत आहेत. दुकानांच्या पाट्या रंगवायला उंची लागत नाही, टेबल लागतं. चौकशी कर. सुरुवातीला भाव कमी सांगा, पण फुकट काही रंगवून देऊ नका.

मला नेण्याच्या खर्चाची काळजी करू नकोस. गोदामवाला नेईल. माझी खोली गोदामाला लागून आहे, वासाने धान्याचं गिऱ्हाईक तुटतं, त्याला परवडणार नाही.

आता दुसरं. मनीऑर्डर करून घरी आल्यावर तुझं ते बंद पाकीट उघडलं. पोस्टापासून माझ्यामागोमाग आलेला पोस्टमन दारातच घुटमळत होता. मी म्हटलं, जा, पुढची पत्रं वाट. तो गेला नाही. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "काय होतं त्यात?" मी म्हटलं, तू दोन पोती भरत होतास ना, त्यात एक पाय होता. तेव्हा गेला.

तू लिहितेस, उशीर झालाच असता. तारखा मला कळतात. पत्र सात तारखेला माझ्या दारात होतं. डॉक्टरने आठ दिवस दिले होते, त्यातला शेवटचा दिवस तो. त्याच सकाळी तारेने पैसे केले असते तर एखादा दिवस इकडे-तिकडे झाला असता. कदाचित पाय राहिला नसताही. पण ते डॉक्टरला कळलं असतं. ते माझ्या दारात ठरायला नको होतं.

आणि तू खोटं लिहितेस. तुझी सगळी पत्रं माझ्याकडे सुतळीत ओवलेली खिळ्याला आहेत, तारखेवार. ती काढून पुन्हा वाचली. नऊ फेब्रुवारीला तू लिहिलंस, हा आता पट्ट्याशिवाय चढतो. वीस मार्चला लिहितेस, पट्टा होता आणि दोर तुटला. जो पट्टा घातलाच नाही त्याचा दोर तुटतो कसा? तुझ्या तीन मार्चच्या पत्रात मुकादम काय म्हणाला तेही आहे. खोटं लिहायचं तर आधीची पत्रं परत मागून घ्यावीत. हा सल्ला फुकट.

तुझ्या त्या फेब्रुवारीच्या पत्रावर मी काय उत्तर दिलं तेही मला आठवतं. तिकीट जास्त लावलंस म्हणून ओरडले आणि असंच चालू ठेवा म्हटलं. पट्ट्याची ओळ मी वाचली होती. वाचून पुढे गेले, कारण तिच्यापुढे मला बारा पोती दिसत होती.

लिहिणं सोपं होतं, नाही म्हणा, चार जणांनी नाही म्हणा. चार जण नव्हतेच. तो एकटाच होता, परांचीवर, आणि मी इथे जमिनीवर मांडी घालून बसले होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मुकादमाने पट्टे फुकट द्यायला पाहिजेत हे मी आजही म्हणते. तो चोर आहे. पण चोराला धडा शिकवायला मी दुसऱ्याचा पाय पाठवला.

सत्तावीस जानेवारीपासून सत्तावीस फेब्रुवारीपर्यंत कामाचे अठ्ठावीस दिवस होतात. रोजची दोन, म्हणजे छप्पन्न पोती. आणि पत्र परत पाठवलं त्याची दोन. अठ्ठावन्न. माझं दोन दिवसांचं काम. काल बसून तेवढी पोती शिवायला घेतली, बघावं म्हटलं केवढा ढीग होतो. तीस झाली आणि बोटं थांबली. ढीग माझ्या गुडघ्याएवढासुद्धा झाला नाही.

माफी मागत नाही. माफी फुकट असते आणि तिचं कोणाला काही विकत येत नाही. पाच जानेवारीच्या पत्रात मी अंथरुणाचं आणि पायाचं काहीतरी लिहिलं होतं. ते पत्र त्याच्या हाती लागण्याआधी फाडून टाक. चादरीचं आणि साबणाचं वेगळ्या कागदावर उतरवून घे, ते खरं आहे.

दुकानदाराला सांगितलं आहे, फोन घे, निरोपाचं पोतं देईन. पोस्टमनलाही सांगितलं आहे, तिकीट असो नसो, आणून दे. चार डब्यांतून काढून दोन पोती वेगळी दारामागे ठेवली आहेत. ती तिथेच राहतील.

आता उत्तराचं. तू लिहायचं नाही. तू माझ्या बाजूने लिहितेस आणि मला ते नको. उत्तर जावईबापूंनी लिहायचं, त्यांच्याच अक्षरात, भिंतीकडून तोंड इकडे करून. फाटकापाशी पट्टा सोडायचा सल्ला कोणाचा होता, तेवढंच लिहायचं. मुकादमाचं नाव नको, दोराचं नाव नको. पाकीट आत घातलं आहे, माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं. त्यांना शिव्या लिहायच्या असतील तर एका कागदात मावणार नाहीत, म्हणून तिकीट चार कागदांचं लावलं आहे.

त्यांनीच लिहायचं. तू पेन द्यायचं आणि खोलीबाहेर जाऊन बसायचं.

आजी